पॅकेज न घेता किर्गिझस्तान: ताई, मी आणि सोन-कुल

मराठीत किर्गिझस्तानबद्दल काही शोधायला जा, एमबीबीएस प्रवेशाच्या जाहिरातींखेरीज फारसं हाती लागत नाही. फी किती, हॉस्टेल कसं, परत आल्यावर परीक्षा कोणती. डोंगर आणि तळी बघायला निघालेल्या, रशियनचं अक्षर न येणाऱ्या, पूर्ण शाकाहारी बायकांसाठी कुणी सविस्तर लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. २०२४च्या जुलैत मी आणि माझी मोठी बहीण जाऊन आलो. ताई ६३ वर्षांची, गुडघे कुरकुरणारी, मी ५६ची. जाण्याआधी जे जे विचारायला कुणी नव्हतं, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे.

देश आकाराने महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश, वस्ती सत्तर लाखांच्या आसपास, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डोंगराळ. आपल्याकडच्या कंपन्यांची पॅकेजं बघितली, तर बहुतेक राजधानी बिश्केक, जवळची एखादी दरी आणि परत शेजारच्या कझाकस्तानातलं अल्माटी अशी होती. ताईला सोन-कुल नावाच्या डोंगरातल्या तळ्याकाठी राहायचं होतं. नुसतं गाडीतून उतरून फोटो काढून परत बसायचं, हे तिला नको होतं. म्हणून आपलं आपणच जायचं ठरवलं.

ई-व्हिसाचा अर्ज ६ मे रोजी भरला. भारतीयांना तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरून करता येतो. पासपोर्टच्या पहिल्या पानाचं स्कॅन, फोटो, राहण्याचं ठिकाण, आत शिरण्याची तारीख. आमच्या अर्जाला तिथल्या एका पर्यटन संस्थेचं निमंत्रणपत्रही जोडावं लागलं. ते मिळवण्यात एक आठवडा गेला आणि त्याचे पैसे वेगळे. व्हिसाचं शुल्क तेव्हा माणशी पन्नास डॉलरच्या आसपास होतं, कार्डने भरायचं, अर्ज फेटाळला तरी परत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा भरण्याआधी त्या दिवशीची माहिती अधिकृत संकेतस्थळावरच बघा. एक सांगते: व्हिसा ज्या तारखेपासून सुरू होतो त्याच्या आधी सीमेवर पोचलात तर आत घेत नाहीत. आम्ही मुद्दाम दोन दिवस अलीकडची तारीख टाकली होती.

अर्ज गेला आणि १७-१८ मेच्या रात्री बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले. टीव्हीवर दिवसभर तेच. आपल्या दूतावासाने मुलांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं. आमच्या घरी फोनवर फोन. भाचा म्हणाला, "मावशी, आत्ताच जायलाच पाहिजे का?" हा प्रश्न खोटा नव्हता, त्यामुळे तो टाळायचा नाही असं आम्ही ठरवलं. ताईच्या ओळखीतला एक मुलगा तिथे मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होता. त्याच्या आईमार्फत त्याच्याशी बोललो. तो त्या आठवड्यात खोलीबाहेर पडला नव्हता, घाबरलेला होता. जूनमध्ये पुन्हा बोललो तेव्हा तो बाजारात भाजी घेत होता. "या तुम्ही मावशी. रात्री उशिरा रस्त्यावर फिरू नका, एवढंच." दूतावासाच्या सूचना जूनभर वाचत राहिलो आणि मगच विमानाचे पैसे भरले. व्हिसा २९ मे रोजी ईमेलवर आला होता. मधले तीन आठवडे मला नीट झोप नव्हती, हे सांगायला हवं, कारण अशा वेळी सगळ्यांचंच तसं होतं.

विमान अल्माटीचं घेतलं, दिल्लीहून. भाडं कमी होतं आणि कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. दिल्लीच्या काउंटरवर परतीचं तिकीट, अल्माटीच्या हॉटेलचं बुकिंग आणि किर्गिझ व्हिसाचा कागद, तिन्ही बघितलं. सगळ्याच्या दोन-दोन छापील प्रती जवळ ठेवा. फोनवर दाखवता येतं खरं, पण चार्जिंग संपलेल्या फोनचा सीमेवर काही उपयोग नाही. प्रवासविमा घेताना उंचीची मर्यादा वाचा. काही पॉलिसींत तीन हजार मीटरच्या वर काही झालं तर भरपाई नसते. सोन-कुल तळं ३,०१६ मीटरवर आहे, म्हणजे बरोबर त्या रेषेवरच.

१२ जुलैला निघालो, १४ला सकाळी अल्माटीच्या साइरान स्थानकावरून बिश्केकची मिनीबस धरली. तिकडे तिला मार्शरुत्का म्हणतात. आपल्याकडच्या वडापसारखी, भरली की सुटणारी. अंतर २४० किलोमीटरच्या आसपास, पण खरा वेळ जातो तो कोर्दाईच्या सीमेवर. तिथे सगळ्यांनी सामानासकट उतरायचं. गाडी वेगळ्या रांगेतून जाते, माणसं पायी. आधी कझाक बाजूचा शिक्का, मग चू नदीवरचा पूल, मग किर्गिझ खिडकी. रविवार असल्याने गर्दी दाट. पोत्यांसारख्या बॅगा ओढणाऱ्या बायका, कडेवर पोरं. सरकायला दोन तास लागले. किर्गिझ अधिकाऱ्याने ई-व्हिसाचा कागद हातात घेतला, पडद्याशी ताडून बघितला, ताईकडे बघून "टुरिस्ट?" म्हणाला आणि शिक्का मारला. उतरताना आपल्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा. पलीकडे एकसारख्या वीस पांढऱ्या गाड्या उभ्या असतात आणि ड्रायव्हरचा चेहरा दोन तासांत विसरायला होतो. घड्याळही बदलायचं: अल्माटी आपल्यामागे अर्धा तास, बिश्केक आपल्यापुढे अर्धा तास. पूल ओलांडला की एक तास पुढे.

बिश्केकमध्ये पैसे आणि सिमकार्ड ही दोन कामं आधी उरकली. सिमसाठी पासपोर्ट लागतो. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या न्या. जरा रेघ असली तरी परत करतात. आम्ही गेलो तेव्हा तिथलं चलन सोम आणि आपला रुपया जवळजवळ सारखेच होते, त्यामुळे हिशेबाचा काही त्रास झाला नाही. शहरात कार्ड चालतं, बाहेर रोख लागते. टॅक्सी अॅपवरूनच बोलवा, भाव आधीच कळतो.

१५ला तोकमोकजवळचा बुराना मनोरा बघितला. अकराव्या शतकातला मिनार, भूकंपांत वरचा भाग पडून आता सुमारे पंचवीस मीटर उरलेला, आणि गवतात उभे केलेले दगडी माणसांचे चेहरे. मला ओढ होती ती तिथून जवळच्या सुयाब या प्राचीन शहराची. सातव्या शतकात ह्युएन त्संग भारताकडे येताना इस्सिक-कुल तळ्याच्या काठाने सुयाबला आला, तुर्कांच्या खानाला भेटला. पुढे काही वर्षांनी तोच माणूस महाराष्ट्रात पोचला आणि दुसऱ्या पुलकेशीबद्दल, इथल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला. शाळेत त्याचं नाव फक्त परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या वाऱ्यात उभं राहिल्यावर तो किती चालला असेल ते अंगावर आलं. आम्ही विमानाने आणि मिनीबसने आलो होतो, तरी थकलो होतो.

१६ जुलैला बिश्केकच्या पश्चिमेकडच्या बसस्थानकावरून शेअर टॅक्सीने कोचकोर गावी. इथून पुढचं सगळं 'सीबीटी'च्या (कम्युनिटी बेस्ड टुरिझम) जिवावर झालं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. गावोगावची कुटुंबं पर्यटकांना घरी किंवा तंबूत ठेवतात आणि त्यांचं समन्वयाचं काम गावातलं एक छोटं कार्यालय करतं. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या मदतीने हे उभं राहिलं. तुम्ही कार्यालयात जायचं, किती दिवस, काय खाता, घोडा हवा की गाडी ते सांगायचं. भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं, घासाघीस नाही. आम्ही मेमध्येच व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं, तरी शेवटचं ठरलं ते समोर बसूनच. समन्वयक मुलगी इंग्रजी छान बोलत होती. तिने एका कागदावर किर्गिझ भाषेत लिहून दिलं: या दोघी मांस, मासे, अंडी खात नाहीत, मांसाच्या रश्श्यातलं काहीही नको. तो कागद आमचा खरा पासपोर्ट ठरला. तुम्ही जाल तिथे पहिल्याच दिवशी असा कागद लिहून घ्या. तोंडी सांगायचं तर रशियनमध्ये 'बेझ म्यासा', पण तेवढ्यावर भागत नाही. मांस काढून रस्सा तसाच वाढला जातो, आणि वाढणारी माणसं ते पूर्ण आपुलकीने करतात.

घोड्यावरून तळ्यापर्यंत जाणारी वाट क्यझार्त गावातून जाते. ताईच्या गुडघ्यांसाठी आम्ही गाडी घेतली, आणखी एका जोडप्याबरोबर भाडं वाटून. १७ जुलैच्या सकाळी निघालो. कल्माक-आशूची खिंड ३,४४६ मीटरवर आहे. वळणं चढता चढता झाडं संपली, मग झुडपं संपली. वर पोचल्यावर ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि खाली सोन-कुल दिसलं. कडेला एक झाड नाही. हिरवं गवत, निळं पाणी आणि मध्ये काळे-तांबडे ठिपके. ते घोडे होते, हे जवळ गेल्यावर कळलं.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती. ताईने आयुष्यात कधी ती चुकवलेली नाही. बॅगेत राजगिऱ्याच्या वड्या, भाजलेले शेंगदाणे, खजूर होते. आमच्या यजमानीणबाईंना आम्ही 'एजे' म्हणत होतो. वयाने मोठ्या बाईला तिकडे तसंच म्हणतात. तिला उपास कसा सांगायचा? आम्ही भाषांतराचं अॅप लावून 'देवासाठी आज धान्य नाही' असं काहीतरी लिहून दाखवलं. ते तिला लगेच कळलं. तिने मान हलवली, छातीवर हात ठेवला आणि बाहेर गेली. येताना एका ताटलीत उकडलेले बटाटे, मीठ, वाटीभर कायमाक आणि सुक्या जर्दाळू घेऊन आली. कायमाक म्हणजे घट्ट मऊ साय, इतकी दाट की चमचा त्यात उभा राहतो. ताईने पांडुरंगाचं नाव घेतलं आणि पहिला बटाटा सायीत बुडवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

एजेची धाकटी नात राजगिऱ्याची वडी हातात धरून बराच वेळ नुसती बघत होती. मग टोक चावलं, आणि पळत जाऊन उरलेली भावाला दिली.

युर्त म्हणजे नमद्याचा, दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, गोल तंबू. लाकडी जाळीची भिंत, वर धुराडं, मधोमध छोटी चूल. झाडंच नसल्याने तिच्यात वाळलेलं शेण जाळतात. गाद्या, त्यावर जाड रजया. जुलै असूनही रात्री थंडी शून्याच्या आसपास गेली. लोकरीचे मोजे, कानटोपी, आतून घालायचे गरम कपडे न्याच. संडास तंबूपासून चांगलाच दूर, खड्ड्याचा. हेडटॉर्च नसेल तर हाल. मोबाइलला रेंज मिळाली नाही, घरी आधीच सांगून ठेवलं होतं.

उंचीचं मात्र गांभीर्याने घ्या. कोचकोरहून एका सकाळीत बाराशे मीटर चढलो होतो. संध्याकाळी माझं डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. निघण्याआधी आमच्या डॉक्टरांना दाखवून औषधं घेतली होती, ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंही विचारलं होतं. पाणी पीत राहिले, झोपून राहिले, आणि त्रास वाढला तर रात्रीच खाली न्यायचं हे ड्रायव्हरशी आधीच बोलून ठेवलं होतं. तो तिथेच मुक्कामाला होता. पहाटेपर्यंत उतार पडला. ताईला काहीही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी एजेबरोबर घोडीची धार काढताना बसलो. शिंगरू आधी आईला लुचतं, मग मुलगा त्याला बाजूला धरतो आणि एजे एक गुडघा टेकून, एक हात घोडीच्या मागच्या पायाभोवतून घालून, दोन्ही हातांनी भराभर धार काढते. एका वेळी दूध थोडंच येतं, त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा हे चालतं. ते दूध कातडी किंवा लाकडी भांड्यात घुसळून आंबवलं की कुमिस होतं. मी चाखलं, आंबट, धुरकट, किंचित झिंगवणारं. आवडलं म्हणता येणार नाही. ताईने नम्रपणे नको म्हटलं, कुणालाही वाईट वाटलं नाही.

जेवणाच्या दोन रीती पाळा. भाकरीसारखा त्यांचा गोल पाव कधी उलटा ठेवायचा नाही. आणि चहा पेल्यात अर्धाच ओततात; त्यात कंजूषपणा नाही, पाहुण्याला पुन्हापुन्हा गरम वाढता यावा म्हणून. जेवण संपलं की घरातला मोठा माणूस दोन्ही तळहात पुढे धरतो आणि सगळे चेहऱ्यावरून हात फिरवतात. आम्हीही फिरवले.

त्या दुपारी ताई घोड्यावर बसली. सांभाळणारा पोरगा फार तर बारा वर्षांचा. तो लगाम धरून पुढे, ती खोगिराचा कडा गच्च धरून. अर्ध्या तासाने बघते तर लगाम तिच्या हातात होता. "अगं, याला सगळं कळतं, आपण फक्त बसायचं," ती मला ओरडून म्हणाली. मुक्काम, दोन वेळचं जेवण मिळून माणशी दोन हजार सोमच्या थोडं वर. घोड्याचे तासावर वेगळे.

१९ला खाली आलो. कोचकोरमध्ये शिर्दाक, म्हणजे नमद्याच्या नक्षीदार सतरंज्या, करणाऱ्या बायका बघितल्या. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून कापतात आणि एकातली नक्षी दुसऱ्यात बसवून शिवतात, कापड वाया जात नाही. २०१२मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याच्या यादीत घातली. बसायची एक छोटी सतरंजी आम्ही विकत घेतली. विमानाच्या वजनाचा विचार करून छोटीच.

मग इस्सिक-कुलचा दक्षिण काठ, बोकोनबायेवो गावात घरगुती मुक्काम. तळं १८० किलोमीटर लांब, ६६८ मीटरपर्यंत खोल, आणि १,६०७ मीटर उंचीवर असूनही हिवाळ्यात गोठत नाही. शंभरावर नद्या-ओढे येऊन मिळतात, बाहेर एकही जात नाही, म्हणून पाणी किंचित मचूळ. ह्युएन त्संगानेही ते खारट-कडू असल्याचं लिहिलंय. सकाळी काठावर आम्ही दोघीच होतो आणि पलीकडे हिमशिखरं. तासभर पाण्यात पाय सोडून बसलो. स्काज्काची लाल-पिवळ्या मातीची घळही इथून जवळ आहे. दुपारच्या उन्हात जाऊ नका, सावली अजिबात नाही.

२० जुलैला काराकोल शहर, आणि २१ला रविवार असल्याने पहाटे उठून जनावरांचा बाजार. घोडे, गाई, जाड शेपटीच्या मेंढ्या, डिकीत मेंढी घालून आलेल्या जुन्या लाडा गाड्या. सौदा करणारे हातात हात धरून जोरजोराने हलवतात, ठरेपर्यंत सोडत नाहीत. आमच्यासारख्यांना हा बाजार सोपा नाही, पण बघितल्याशिवाय तो देश कळत नाही असं मला वाटतं. दुपारी डुंगन, म्हणजे चीनमधून आलेल्या मुसलमानांची, १९१०मध्ये पुरी झालेली मशीद बघितली, खिळे न वापरता उभारलेली, चिनी देवळासारख्या वळलेल्या छपराची. तिथलं प्रसिद्ध आश्लान-फू, म्हणजे थंड आंबट नूडल्स, त्यात अंडं असतं. आम्ही बटाट्याचं सारण भरलेला तळलेला पाव खाल्ला, दोघींचं पोट अगदी थोडक्या पैशांत भरलं.

अल्तिन-अराशानच्या गरम झऱ्यांना २२ला जायचं होतं. रात्रभर पाऊस. सकाळी जीपवाल्याने सरळ नाही म्हटलं. मला आधी चुटपुट लागली, पण तो रस्ता दुसऱ्या दिवशी बघितल्यावर त्याचे आभारच मानले. रस्ता कसला, दगड आणि पाण्याची वाहाळ. सोव्हिएत काळातल्या बनावटीची ती गाडी बैलासारखी चढते आणि आतली माणसं छताला डोकं आपटत जातात. पाठदुखी असेल तर आक-सू गावापासून चालत जा, चार-पाच तास लागतात. वर लाकडी खोपटात गरम पाण्याचं टाकं, बाहेर देवदारांसारखी उंच झाडं आणि पाऊस. ताईचे गुडघे दोन दिवस गप्प होते. म्हणूनच सांगते, डोंगरातल्या प्रत्येक मुक्कामामागे एक दिवस मोकळा ठेवा. आमच्याकडे तो नसता, तर आम्ही त्या जीपवाल्याला गळ घातली असती, आणि तो कदाचित निघालाही असता.

परतीला काराकोलहून बिश्केक, उत्तर काठाने चारशे किलोमीटर, सगळा दिवस मार्शरुत्कात. खिडकीची जागा हवी असेल तर पहिल्या गाडीला या आणि डाव्या बाजूला बसा, तळं त्या बाजूला राहतं. २७ला पुन्हा कोर्दाई. या वेळी शनिवार सकाळ आणि अर्ध्या तासात पलीकडे. कझाकस्तानात पुन्हा शिरताना नवे १४ दिवस मोजले जातात, त्यामुळे अडचण आली नाही.

विमान, व्हिसा, विमा, मुक्काम, गाड्या, खाणं सगळं धरून माणशी सव्वा लाखाच्या आत झालं. निम्म्याहून जास्त खर्च विमान आणि गाड्यांवरच. जेवण आणि राहणं स्वस्त. जुलै-ऑगस्ट सोडून जाणार असाल तर आधी विचारा: तळ्यावरचे युर्त साधारण जूनमध्ये लागतात आणि सप्टेंबरच्या मध्याला उतरवून सगळे कळप खाली जातात. ताई पुढच्या वेळी क्यझार्तहून घोड्यावरूनच जायचं म्हणते आहे. त्यासाठी तिने गुडघ्यांचे व्यायाम सुरू केले आहेत, आणि मी नव्या व्हिसाचे नियम बघायला घेतले आहेत.